महाल, तलाव आणि पाखरे : औरंगाबादची एक दिवसाची सैर

राजवाडे आणि पाखरे एकाच गावात पाहायची असतील तर लोक राजस्थानातल्या भरतपूरचे नाव घेतात. आमच्या मुलांनीही हिवाळ्याच्या सुटीसाठी तेच नाव काढले होते. भोकरदनहून भरतपूर गाठायचे तर आधी जालना, तेथून सचखंड एक्सप्रेसने मथुरा आणि मथुरेहून पुढे रस्त्याने. जाऊन-येऊन चार-पाच दिवस सहज मोडतात. दोन घरांची मिळून अकरा माणसे, त्यात दोन तान्ही मुले आणि गुडघ्यांनी बेजार झालेली दादी. खर्चाचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा बेत तिथेच थांबला.

मग घरातल्या मोठ्यांनी सुचवले, की महाल आणि पाखरे तर आपल्या दारातच आहेत. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर. दवाखाना, कोर्टकचेरी, लग्नाचा बस्ता यांसाठी आम्ही तिथे वर्षातून दहा वेळा जातो. पण पाहण्यासाठी म्हणून कधी गेलो नव्हतो. या वेळी फक्त पाहण्यासाठी गेलो.

आधी आपले गाव

निघण्यापूर्वी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगितली. आपले भोकरदन हेही काही कालपरवाचे गाव नाही. त्याचे जुने नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातील सांची आणि भारहुत येथील स्तूपांसाठी ज्यांनी दान दिले, त्यांची व त्यांच्या गावांची नावे तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. त्या नावांत भोगवर्धनही आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावच्या माणसांजवळ इतक्या दूर जाऊन दान देण्याची ऐपत होती.

1973च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इथे उत्खनन केले. त्यात सातवाहन काळातील अनेक वस्तू निघाल्या आणि हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्तीही सापडली. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 साली मिळाली होती. इसवी सन 79मध्ये ते शहर गाडले गेले, त्यापूर्वीच हिंदुस्थानी कारागिराच्या हातची ती वस्तू समुद्रापार पोहोचलेली होती. केळणा नदीच्या काठचे आपले गाव त्या काळच्या व्यापाराशी असे जोडलेले होते. हे ऐकल्यावर मुलांचा चेहरा बदलला. ज्या टेकाडांवरून ती रोज शाळेत जातात, त्यांच्याकडे ती वळून वळून पाहू लागली.

दिल्ली दरवाजाजवळचे पाणी

सिल्लोड, फुलंब्री करत हर्सूलच्या बाजूने शहरात शिरले की पुढे दिल्ली दरवाजा लागतो. त्याच्या जवळच एक मोठा तलाव आहे. आज त्याला सलीम अली सरोवर म्हणतात. त्याचे जुने नाव खिज्री तलाव. हजरत खिज्र यांचे नाव आपल्याकडे पाण्याशी आणि हिरवळीशी जोडले जाते, म्हणून दादीला हे जुने नावच जास्त आवडले. मोगल काळापासून हे पाणी इथे आहे आणि शेजारच्या बागेला त्याचा आधार होता.

आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. तलावाच्या आत न जाता रस्त्याकडच्या बाजूनेच उभे राहिलो. घरातून एक जुनी दुर्बीण आणली होती, ती हातोहात फिरू लागली. पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच काही दिसले नाही. मग डोळे सरावले आणि एकेक पाखरू उमगू लागले. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल रंग असलेले हळदी-कुंकू बदक. क्षणात बुडणारी आणि भलतीकडेच वर येणारी टिबुकली. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. पाणवनस्पतींवरून लांब बोटांनी चालणारी जांभळी पाणकोंबडी. काठावर चिखलाच्या रंगात मिसळून गेलेला वंचक उडाला, तेव्हा त्याचे पांढरेशुभ्र पंख पाहून धाकटी मुलगी ओरडलीच. इतका वेळ तो तिच्या समोरच होता आणि तिला दिसला नव्हता.

दादीने दुर्बीण घेतली नाही. ती म्हणाली, "मला आवाज ऐकू येतोय, तेवढा पुरे." नंतर तिनेच मुलांना हजरत सुलैमान आणि हुदहुद पाखराची हकीकत सांगितली. कुरआनातील ज्या सूरहमध्ये ती येते, त्या सूरहचे नाव मुंग्यांवरून आहे, हेही तिनेच सांगितले. हुदहुद आपल्याकडेही दिसतो. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, लांब वाकडी चोच आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे. मुलांनी तो शाळेच्या मैदानावर अनेकदा पाहिला होता. त्याचे नाव तेवढे त्यांना ठाऊक नव्हते.

सलीम अली कोण होते?

तलावाला ज्यांचे नाव आहे ते डॉ. सलीम अली 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत एका बोहरा कुटुंबात जन्मले. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या भावंडांना वाढवले.

लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही कोण, असा प्रश्न त्यांनी मामाला विचारला. मामाला उत्तर येत नव्हते. त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी त्या पाखराचे नाव सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी कपाटे उघडून दाखवले. हे 1908 साल. एका अनाथ मुलाच्या साध्या प्रश्नाला घरातल्या वडीलधाऱ्याने मान दिला आणि देशाला त्याचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला. आपल्या घरांत मुलांच्या प्रश्नांचे आपण काय करतो, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

पुढची वाट सोपी नव्हती. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सुटले, ब्रह्मदेशात धंदा पाहिला, तो चालला नाही, हातची नोकरी गेली. त्या बेकारीच्या काळात अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. नंतर निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी 1931-32मध्ये केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. या भटकंतीत पत्नी तेहमीना त्यांच्या बरोबर असत. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि आजही पक्षी पाहणारे लोक ते जवळ बाळगतात. 1976मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, 1985मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले आणि 1987 साली त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे त्यांचा जन्मदिवस.

महाल शोधताना

तलावासमोर हिमायत बाग आहे. मोगलांच्या काळातील ही शाही बाग आज कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. आंबा, चिंच, जांभळाची जुनी झाडे आहेत आणि पोपटांचा गोंगाट अखंड चालू असतो. इथली रोपे घेण्यासाठी शेतकरी लांबून येतात. आमच्यापैकी एकाने शेताच्या बांधासाठी रोपांची चौकशी करून घेतली.

पुढे महाल शोधायला निघालो, तेव्हा मुलांची थोडी निराशा झाली. त्यांना चित्रातल्यासारखा राजवाडा हवा होता. औरंगाबादचे महाल मात्र शहरात विरघळून गेले आहेत. ते शोधावे लागतात.

औरंगजेबाने 1692मध्ये बांधलेला किले-अर्क हा त्यातला सर्वांत मोठा. मक्का दरवाजापासून दिल्ली दरवाजापर्यंतचा जवळजवळ सगळा भाग त्याने व्यापलेला होता. आत मर्दाना महाल, जनाना महाल, बागा आणि दरबाराच्या जागा होत्या. आज काही भिंती आणि पडके भाग उरले आहेत. दरबाराची आठवण एका मैदानाच्या नावात मात्र टिकून आहे. आमखास मैदान! दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास या दोन शब्दांतले हे उरलेले दोन तुकडे. तिथे पोरे क्रिकेट खेळत होती. बादशहाच्या दरबारात षटकार मारल्याचे आमच्या मुलांना फार कौतुक वाटले.

दुसरा महाल त्याहून जुना, नौखंडा. हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरचा. मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बगदादहून दख्खनेत आला आणि इथे निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्याने खडकी नावाच्या खेड्याच्या जागी हे शहर उभारले. 1626मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलताबादला आहे. नौ खंडांचा, म्हणजे नऊ भागांचा म्हणून नौखंडा. पुढे निजामानेही हा महाल वापरला. आज या परिसरात डॉ. रफिक झकेरिया महिला महाविद्यालय आहे. कॉलेज मुलींचे, म्हणून आम्ही फाटकाबाहेरूनच पाहिले. एका गुलामाने वजीर होऊन बांधलेल्या महालाच्या आवारात आज खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली पदवी घेतात. आमच्या मोठ्या मुलीने तिथेच उभे राहून प्रवेशाची माहिती मोबाइलमध्ये शोधायला सुरुवात केली.

तिसरा सोनेरी महाल, पहाडसिंगपुऱ्यात डोंगराच्या पायथ्याशी. मोगलांबरोबर दख्खनेत आलेल्या एका बुंदेल सरदाराने तो बांधला. भिंतींवर पूर्वी सोनेरी रंगाची चित्रे होती, त्यावरून हे नाव पडले. आता तिथे राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे, त्यामुळे इमारत नांदती आहे.

बीबी का मकबरा पाहिल्याशिवाय परतणे शक्यच नव्हते. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर. दारावरच्या लेखात दोन नावे आहेत, रचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय. अताउल्लाह हा ताजमहालाचे रचनाकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. एका कबरीवर एका मुसलमानाचे आणि एका हिंदूचे नाव शेजारी शेजारी कोरलेले आहे, हे तीनशे-साडेतीनशे वर्षे कुणाला खटकले नाही. मुलांना ही दोन्ही नावे आम्ही मुद्दाम पाठ करायला लावली.

पाणचक्कीवर जोहर

जोहरच्या नमाजला आम्ही पाणचक्कीवर होतो. बाबा शाह मुसाफिर यांची दर्गाह, मशीद, मोठा हौद आणि त्यावर सावली धरलेला वड. उत्तरेच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून इथे आणलेले आहे. ते एका उंच भिंतीत चढते, वरून हौदात कोसळते आणि त्याच जोरावर जाते फिरते. ना वीज, ना पंप. पाणी उंचावरून निघाले की बंद नळातून पुन्हा जवळजवळ तितक्याच उंचीवर चढते, एवढ्या एका नियमावर सगळे चालते. या जात्यावर खानकाहीत राहणाऱ्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळले जाई.

ही युक्ती शहराला मलिक अंबरने आधीच दाखवून दिली होती. त्याने बांधलेली नहर-ए-अंबरी डोंगरातील झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करून शहरात आणी. वाटेत ठिकठिकाणी बंबे, म्हणजे विटा-चुन्याचे उंच मनोरे उभे केलेले. त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाब आवरला जाई. पुढच्या राज्यकर्त्यांनी आणखी नहरी जोडल्या. दुष्काळी मराठवाड्यात एवढे मोठे शहर उभे राहिले ते या पाण्यामुळे.

पाणचक्कीच्या आवारातच महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचे कार्यालय आहे. वक्फ म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायला यापेक्षा चांगली जागा कुठली? कुणीतरी पाणी, जमीन, जाते लोकांसाठी ठेवून गेला. तो गेला, पीठ दळत राहिले.

भरतपूरचा धडा

मुलांच्या मनातून भरतपूर गेले नव्हते. म्हणून हौदाच्या काठी बसून, घरून आणलेल्या रोट्या आणि खिम्याचा डबा उघडून, त्यांना भरतपूरची हकीकत सांगितली. तिथले जगप्रसिद्ध पक्ष्यांचे रान, केवलादेव, हेही माणसाच्या हातून घडलेले आहे. महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला, त्याचे पाणी सखल भागात पसरले आणि पाखरे आली. पुढे संस्थानिकांनी आणि इंग्रज पाहुण्यांनी तिथे शिकारी केल्या. 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत 4,273 पाखरे मारली गेली. तो आकडा तिथल्या शिळेवर कोरलेला आहे. तो दिवस सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

पुढे त्याच सलीम अलींनी ते रान राखण्यासाठी आपला सगळा शब्द खर्च केला. 1980 नंतरच्या दशकात ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1985 साली जागतिक वारसा यादीत गेले. तरीही गोष्ट संपली नाही. नदीवर वरच्या बाजूला धरण झाले, शेतीला पाणी हवे होते, रानाला पाणी कमी पडू लागले. सायबेरियातून येणारे पांढरे क्रौंच 2002नंतर तिथे पुन्हा दिसले नाहीत. कायदा होता, कुंपण होते, जगाची पाटी होती. पाणी कमी पडले की यातले काहीच पुरत नाही.

आता खिज्री तलावाकडे पाहा. आम्ही पाखरे पाहिली, तसे बाकीचेही पाहिले. पाण्याचा मोठा भाग जलपर्णीने झाकलेला. काही बाजूंनी वस्त्यांचे सांडपाणी आत येते आणि जलपर्णीला तेच खत होते. जलपर्णी दाटली की पाण्यात प्रकाश आणि हवा जात नाही, मासे गुदमरतात आणि मासे गेले की पाणकावळा तरी कशाला थांबेल? काठाला प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, न्याहारीच्या कागदी ताटल्या. यात सगळ्यांचा वाटा आहे, आपलाही आहे. सहलीला आलेल्या एका कुटुंबाने गाडीतूनच पिशवी भिरकावलेली आम्ही पाहिली, आणि त्यांनी आपापसात केलेला सलाम-दुआही ऐकला.

आपल्याला वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये असे शिकवलेले आहे, मग नदी समोर वाहत असली तरी. ही शिकवण नळाच्या तोटीपाशी थांबू नये. तलाव ही अमानत आहे. महाल वापरात राहिले तिथे टिकले, कॉलेज झाले, संग्रहालय झाले. वापर थांबला तिथे भिंती पडल्या, आणि त्या पडल्याने फार तर इतिहास गरीब होतो. तलाव मेला तर पाखरांबरोबर आजूबाजूच्या विहिरीही मरतात. भोकरदनात आम्हाला हे वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात केळणेचे पात्र पाहिलेल्या माणसाला पाण्याची किंमत कळते.

परतल्यावर मुलांनी एक वही घातली आहे. रोज दिसलेले पाखरू, वेळ आणि जागा त्यात लिहायची. पहिल्या आठवड्यात सतरा नावे झाली, सगळी भोकरदनातलीच. उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे पसरट भांडे ठेवायचे आणि ते रोज घासून भरायचे काम त्यांच्याकडे सोपवले आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. थंडीत पाहुणी पाखरे येतात आणि मुलांना उन्हाचा त्रास होत नाही. तलावावर सकाळी आठच्या आत पोहोचा. भडक कपडे टाळा, आवाज कमी ठेवा, पाखरांना पाव-फरसाण टाकू नका. त्यानंतर हिमायत बाग, आमखास, नौखंडा आणि जवळचा भडकल दरवाजा असा क्रम ठेवला तर वाट उलटसुलट होत नाही. भडकल दरवाजा मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने 1612मध्ये बांधला. दुपारी पाणचक्की, मग मकबरा आणि सोनेरी महाल. वयस्कर माणसांना पाणचक्कीच्या सावलीत बसवून बाकीच्यांना फिरता येते. जेवण घरून न्या आणि उष्टे-खरकटे, पिशव्या परत घरी आणा.

एक दिवस जास्त असेल तर पैठणला जा. सातवाहनांची ती राजधानी, आणि शेजारी जायकवाडी धरणाचा नाथसागर. 1986पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पाणी असेल तोवर येत राहतील.